सामान मागून येतंय

वसंतराव पांढरीपांड्यांना अंतरं विचारायची खोड होती. सगळी नोकरी विद्युत मंडळात गेली, उभ्या मध्य प्रदेशात तारांच्या मागे हिंडण्यात. त्यामुळे कुठल्याही गावाचं नाव निघालं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "किती किलोमीटर?" आणि लगेच दुसरा, "लागतात किती?" म्हणजे तास. एकुलत्या एक मुलीला सिंगापूरचं स्थळ आलं, तेव्हा मुलगा काय करतो, घरचे कसे आहेत हे अलकाताईंनी विचारलं. वसंतरावांनी विचारलं, "लागतात किती?"

त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली होती. दर रविवारी दुपारी केतकीचा फोन यायचा आणि बोलणं फिरून फिरून तिथेच यायचं.

"सरळ रेघ ओढली ना केतकी, तर पावणेचार हजार किलोमीटर. थेट विमान असतं तर पाच तास. इथून नागपूरला जायला गाडीला सहा लागतात. म्हणजे तू नागपूरच्याही अलीकडे राहतेस की नाही?"

"थेट विमान आहे कुठे पण?" मागून अलकाताईंचा आवाज यायचा.

ते खरंच होतं. सिंगापूरहून भोपाळला थेट विमान नव्हतं. दिल्लीला जायचं, तिथे सामान सोडवून घ्यायचं, ताटकळायचं आणि मग दुसऱ्या विमानाने पुन्हा खाली दक्षिणेला यायचं. सकाळी निघालेलं माणूस घरी टेकेपर्यंत दिवस कलायचा. बाप दर रविवारी तो अख्खा दिवस घडी घालून पाच तासांत बसवायचा, आणि मुलगी हसून "हो बाबा" म्हणायची.

केतकीचं स्वतःचं कामही तसलंच होतं. सिंगापूरच्या बंदरात कुठलं जहाज कुठून सुटलं, कधी पोचेल, त्यावरचे कंटेनर कुठे उतरवायचे, याची आखणी ती करायची. अंतर आणि वेग कळला की वेळ कळते, त्यात कुणाच्या इच्छेचा काही संबंध नसतो, हे तिला रोजच्या सवयीने ठाऊक होतं.

मार्चमध्ये प्रतीकचा फोन आला. प्रतीक तिचा मावसभाऊ. भोपाळच्या अशोका गार्डन भागात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि गेली काही वर्षं म्हाताऱ्या मावशी-काकांचं हवं-नको तोच बघत होता.

"ताई, काकांना घरी आणलंय," तो म्हणाला. "हार्ट फारच वीक झालंय. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना घरीच असू द्या. त्यांनाही घरीच यायचं होतं. तू निघ."

"किती..." तिने विचारायला सुरुवात केली आणि ती थांबली.

"निघ तू," प्रतीक पुन्हा म्हणाला.

मुलीची परीक्षा चालू होती, म्हणून शैलेंद्र, केतकीचा नवरा, मागे राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या विमानात तिला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक वयस्क तमिळ बाई होत्या, दिल्लीला लेकीकडे निघालेल्या. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले. केतकीने एवढंच सांगितलं की वडील आजारी आहेत. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि मग काही विचारलं नाही.

तिने बूट काढून समोरच्या सीटखाली सारले आणि पडद्यावर नकाशा लावला. नकाशात एक पांढरं विमान होतं आणि त्याच्यामागे वाकडी होत गेलेली रेघ. खाली उरलेलं अंतर, उरलेला वेळ, बाहेरचं तापमान. सिनेमा बघण्यात तिचं मन लागणार नव्हतं. डोळे मिटले की प्रतीकचं "निघ" ऐकू यायचं. ती नकाशाच बघत राहिली. अंदमान मागे पडलं. मग नुसतं निळं पाणी. तिला वाटायचं, आता बराच वेळ झाला असेल, आणि बघावं तर आकडा जेमतेम हललेला. ती पाय जवळ घ्यायची, पुन्हा सोडायची. पट्टा काढायची, पुन्हा लावायची. जेवणाचा ट्रे आला, तो तसाच राहिला.

किनारा आला तशी जमिनीवर नावं उमटायला लागली. रायपूर. नागपूर. जबलपूर. आणि मग डाव्या हाताला, त्या रेघेपासून थोडंसंच दूर, भोपाळ.

केतकी पुढे झुकली. हे तिला आधीही माहीत होतं, दर खेपेला दिसायचं, पण आज ते सोसवेना. विमान तिच्या घरापासून रेल्वेच्या एका प्रवासाइतक्या अंतरावरून जात होतं, आणि थांबणार नव्हतं. पुढे दिल्लीला जायचं आणि तिथून उलटं फिरून हाच रस्ता पुन्हा कापायचा. तोवर बाबांना धीर निघेल का? खिडकीतून खाली तिला फक्त पिवळट धुरकं आणि एका नदीची चकाकी दिसली. इथंच उतरायला हवं, असं तिला वाटलं. नुसतं वाटलं नाही, ते अंगात भरून आलं, लहान मुलाला गाडीतून उतरायचं असतं तसं. गुडघे आपोआप ताठ झाले. पावलांना गार वारा लागला. पडद्यावरचा उरलेल्या वेळाचा आकडा तिने बघितला, आणि तो बदलायची ती वाट बघत राहिली.

नंतर आठवलं ते एवढंच, की विमान खाली उतरत असल्याची घोषणा चालू होती आणि समोरचा ट्रे कुणीतरी उचलून नेला होता.

"बरी आहेस ना?" शेजारच्या बाई तिच्याकडे रोखून बघत होत्या. "कुठे होतीस इतका वेळ?"

"मी? इथेच. डोळा लागला असेल."

"इथे नव्हतीस." बाईंचा आवाज सौम्य होता, पण त्या अंग चोरून बसल्या होत्या. "मला ओलांडून कधी गेलीस तेच कळलं नाही. मी त्या एअर होस्टेसला म्हटलं, स्वच्छतागृहाचं दार वाजवून बघ, तिला बरं नसेल. ती बघून आली. म्हणाली, सगळी रिकामीच आहेत."

म्हाताऱ्या माणसाला प्रवासात झोप लागते, जागेपणी स्वप्नाचा तुकडा हाती राहतो, असं केतकीने मनाशी म्हटलं. बूट घालायला ती वाकली. मोजे तळव्याकडून मळले होते. तांबूस, जाडसर माती होती, आणि एका मोज्यात वाळलेल्या गवताचं कुसळ अडकलं होतं. विमानातले गालिचे कोण झाडतं म्हणा. तिने कुसळ उपटून टाकलं आणि बूट चढवले.

दिल्लीत उतरताच तिने आईला फोन लावला. उचलला गेला नाही. प्रतीकचाही वाजून वाजून बंद झाला. "दिल्लीत पोचले. बाबा कसे आहेत?" असा निरोप तिने पाठवून ठेवला. पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, पुन्हा सामान देण्याची रांग, सगळं तिने पळतच उरकलं, आणि उरकून झाल्यावर भोपाळच्या विमानाची वाट बघत काचेसमोर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. विमानात चढताना प्रतीकचं उत्तर आलं.

"ताई, सामान मिळालं का?"

बाबांबद्दल एक अक्षर नव्हतं. केतकीने ते चांगलं लक्षण मानलं. काही वाईट असतं तर तो सामानाचं कशाला विचारत बसला असता?

भोपाळला तिला घ्यायला कुणी आलं नव्हतं. ती टॅक्सीत बसली. लालघाटी उतरून गाडी तलावाकाठच्या रस्त्याला लागली. पाणी खाली गेलं होतं, काठाला भेगाळलेला चिखल उन्हात पांढरा पडला होता. शिवाजी नगरात, जिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये तिचं लहानपण गेलं, तिथे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने उगीचच दाराची कडी धरून ठेवली. मग होशंगाबाद रोड, मग बाग सेवनियाचं वळण. निवृत्तीनंतर वसंतरावांनी तिथल्या कॉलनीत छोटं घर बांधलं होतं.

"दीदी, आगे गाड़ी नहीं जाएगी," ड्रायव्हर म्हणाला. "सड़क खुदी पड़ी है."

पाइप टाकण्यासाठी रस्ता खणला होता आणि त्यावर नुकताच तांबडा मुरूम पसरला होता. केतकी बॅग ओढत चालू लागली. मुरुमात बॅगेची चाकं रुतत होती. दुरूनच तिला फाटकाबाहेर काढलेल्या चपला दिसल्या. मग पांढऱ्या कपड्यांतली माणसं. मग भिंतीला टेकवून ठेवलेले बांबू.

ती थांबली. तिच्या हातून बॅग आडवी पडली.

शेजारच्या रजनीकाकू धावत पुढे आल्या. तीस वर्षांचा शेजार, आधी शिवाजी नगरात आणि मग इथेही. त्यांनी बॅग उचलली आणि दुसऱ्या हाताने केतकीचा खांदा धरला.

"मिळालं ना सामान? चल. सगळे तुझ्यासाठीच थांबलेत. अंधाराच्या आत न्यायचं म्हणताहेत."

"काकू... बाबा कधी..."

रजनीकाकूंनी तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, असं काय करतेस? तुझ्याच तर मांडीवर डोकं होतं."

केतकीला शब्द ऐकू आले, पण ते कुणा दुसऱ्याबद्दल असावेत तसे कानावरून गेले. ती आत गेली. दिवाणखान्यातल्या खुर्च्या हलवल्या होत्या. वसंतरावांना जमिनीवर उत्तरेकडे डोकं करून निजवलं होतं. दाढी केलेली, केस विंचरलेले. चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती. अलकाताई उशाशी बसल्या होत्या. केतकी त्यांच्याजवळ कोसळली तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं. त्या रडत नव्हत्या.

"रडू नकोस. तू वेळेवर आलीस ना," त्या तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच जीव धरून होते. तू वेळेवर आलीस, बाई."

भदभद्याच्या विश्रामघाटावर केतकीनेच अग्नी दिला.

त्या दिवशी तिने कुणाला काही विचारलं नाही. घरातल्यांच्या बोलण्यात गोंधळ झाला असेल, कुणी दुसरी नातेवाईक येऊन गेली असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तुळशीपाशी बसली होती. केतकी चहा घेऊन तिच्याजवळ गेली.

"आई, काल मी आले तेव्हा नीट काय झालं ते सांगशील?"

अलकाताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. गेलेल्या माणसाचे शेवटचे तास घरात पुन्हा पुन्हा सांगितलेच जातात. त्या सांगू लागल्या. सकाळपासून त्यांचा श्वास लागला होता. डोळे दाराकडे. ऊन अंगणात आलं तेवढ्यात केतकी आली. त्यांनी डोळे उघडले.

"म्हणाले, 'आलीस? थेट?' तू म्हणालीस, 'हो बाबा, थेट.' मग त्यांनी काय विचारावं? 'लागले किती?'" अलकाताई हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "तू म्हणालीस, 'काहीच नाही लागले.' किती खूश झाले माहितीये?"

केतकीने हातातला कप खाली ठेवला.

"मग?"

"मग तुझ्या हातून पाणी प्यायले. दोन दिवस आमच्या कुणाच्या हातून घेतलं नव्हतं. आणि मला म्हणाले, जरा बाहेर जा, दार ओढून घे, मला हिच्याशी बोलायचंय." आईने तिच्याकडे बघितलं. "आत बराच वेळ बोलत होतात तुम्ही. एकदा तर ते हसले, बाहेर ऐकू आलं आम्हाला. मग तू हाक मारलीस. आम्ही आत आलो तेव्हा संपलं होतं."

तुळशीच्या कट्ट्यावर एक मुंगळा फिरत होता. केतकी त्याच्याकडे बघत राहिली.

"काय म्हणाले गं ते?" अलकाताईंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता, संकोचलेला. "सांगण्यासारखं असेल तरच सांग. पन्नास वर्षांचा संसार. शेवटचं जे बोलले ते मला ठाऊक नाही, एवढंच मनाला लागून राहिलंय."

"आई," केतकी म्हणाली, "मी नव्हते. मी विमानात होते. मी दिल्लीला पोचले तेव्हा..."

अलकाताईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"होतं असं. माझी आई गेली तेव्हा मलाही मधलं काही आठवत नव्हतं. आठवेल तेव्हा सांग. घाई नाही."

अलकाताईंच्या डोक्यात कसलाही गोंधळ नव्हता. बँकेचं, गॅसचं, औषधांचं त्याच बघत होत्या. घरी येणाऱ्या प्रत्येकाला नावानिशी ओळखत होत्या. म्हणूनच केतकीला पुढे बोलवेना.

पण ज्याला त्याला तेच ठाऊक होतं. समोरचे शर्मा अंकल म्हणाले, मुलगी असावी तर अशी. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या भाजीवालीने कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत. "उस दिन आप नंगे पाँव भागी आ रही थीं, दीदी," ती म्हणाली. "मेरा तो कलेजा मुँह को आ गया." केतकी मान डोलवत राहिली. तिच्या हातून न घडलेल्या गोष्टीचं श्रेय लोक तिच्या ओंजळीत ओतत होते, आणि तिला ते ना घेता येत होतं ना टाकता येत होतं.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून परतताना तिने प्रतीकला रस्त्यात गाडी थांबवायला सांगितली. पर्समधून भोपाळच्या विमानाचा बोर्डिंग पास काढला, पासपोर्टवरचा दिल्लीचा शिक्का दाखवला.

प्रतीकने दोन्ही उलटून पालटून बघितलं.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला.

"काय वाटलं होतं?"

"तू आलीस तेव्हा मी फाटकातच होतो, ताई. टॅक्सी नाही, ऑटो नाही. खणलेल्या रस्त्यावरून चालत आलीस. पायात फक्त मोजे. मी म्हटलं, सामान कुठंय? तू म्हणालीस, सामान मागून येतंय. मी म्हटलं, आलीस कशी? म्हणालीस, थेट." त्याने ओठांवरून हात फिरवला. "थेट विमान नाही हे मला माहीत आहे ना. दर वेळी तिकीट मीच बघतो. पण तेव्हा... सूझा ही नहीं. काका वाट बघत होते."

"आणि नंतर?"

"सगळं झाल्यावर तू उठलीस. म्हणालीस, सामान घेऊन येते. दुपारचं ऊन होतं. मी म्हटलं, गाडीने सोडतो. तू नको म्हणालीस. मी जाताना बघितलं तुला, वळणापर्यंत. माझा मोबाइल काकांच्या खोलीत होता. मग तुझा मेसेज वाचला, दिल्लीत पोचले म्हणून. मला वाटलं, सकाळचा असेल, उशिरा आला."

केतकीने आपल्या पावलांकडे बघितलं. आता सँडल होत्या.

"ती माझ्यासारखी होती?"

"सारखी काय, ताई? तूच होतीस." प्रतीकने कागद तिच्या हातात परत दिले. "हे मावशीला दाखवू नकोस. काकांना लेक भेटली, बस. त्यापुढे आपण जायचं नाही."

पण केतकीला पुढे गेल्याशिवाय राहवेना. तेरावं होईपर्यंतचे दिवस तिने वडिलांच्या खोलीत काढले. दार ओढून ती पलंगाच्या कडेला बसायची. मोज्यांवरची ती माती तिला विसरता येत नव्हती. जर गेली ती मीच असेन, तर बाबा जे बोलले तेही माझ्याच आत कुठेतरी असणार. ती डोळे मिटून बघायची, पंख्याच्या आवाजात कान लावायची. एखाद वेळी अगदी जवळ यायचं काहीतरी. बाबांचं हसू सुरू होण्याआधीचा श्वास यायचा. मग नुसता पंखा. आणि बाहेर आली की आई काही न विचारता तिच्या तोंडाकडे बघायची.

खोटं काहीतरी सांगावं असंही तिच्या मनात आलं. 'आईला सांभाळ म्हणाले' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. एकदा तिने तोंडही उघडलं. पण त्या शब्दांवर कुणा दुसरीचा हक्क आहे, आणि ती ऐकते आहे, असं काहीसं तिला वाटलं. दाराकडे पाठ करून बसवेना. खोटं सांगायचं तिने सोडून दिलं.

निघायचे दिवस आले. तिने आईला सोबत चल म्हणून विनवलं. शैलेंद्रनेही फोनवर सांगितलं. अलकाताई एका गोष्टीवर ठाम होत्या.

"हे घर सोडून मी कुठे येऊ? इथे सोबत आहे मला."

"कुणाची सोबत?"

"रजनी आहे, प्रतीक येतो," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आहे गं सोबत. तू नको जीव टांगणीला लावू."

परतीच्या प्रवासात केतकीने नकाशा लावला नाही. पडदा बंद ठेवला. मोजे आणि बूट पायात घट्ट ठेवले, पट्टा शेवटपर्यंत सोडला नाही. तरीही एका क्षणी तिला कळलं, आपण आता त्या जागेवरून जातो आहोत. तिने शेजारच्या रिकाम्या सीटचा हात धरून ठेवला.

सिंगापूरला पोचताच तिने शैलेंद्रला विचारलं, "माझ्याआधी कुणी आलं होतं?"

"कुणी म्हणजे?"

"कुणी नाही ना?"

"नाही," तो गोंधळून म्हणाला.

तेव्हा तिला हायसं वाटलं. इथे कुणी आलं नव्हतं. त्या रिकाम्या उंबऱ्याचा दुसराही अर्थ निघतो, हे तिला बऱ्याच दिवसांनी सुचलं.

पुढचे रविवार रीतसर गेले. आई बोलायची, उन्हाळा किती वाढलाय ते सांगायची, आणि फोन ठेवण्याआधी क्षणभर थांबायची. त्या थांबण्यात काय आहे ते केतकीला कळायचं. तीही थांबायची. मग दोघी फोन ठेवायच्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी फोन आईनेच केला. केतकी जेवणं उरकून ओट्यापाशी उभी होती. आईचा आवाज हलका होता, कित्येक महिन्यांत नव्हता तसा.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"आत्ताच. बरं, एक सांगायला फोन केला. आता ते मनाला लावून घेऊ नकोस हं, बाबांचं. मला कळलं काय म्हणाले ते."

केतकीने ओट्याची कड धरली.

"कसं कळलं?"

"काल संध्याकाळी. अंगणात पाणी मारून बसलो होतो, तेव्हा आपणहून सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं." अलकाताईंनी श्वास सोडला. "इतकं बरं वाटलं. रात्री झोप लागली मला. अगदी त्यांच्यासारखंच बोलणं. दुसरं कुणी बोलूच शकलं नसतं तसं."

"आई, कुणी सांगितलं?"

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. ताट उचलून मोरीत ठेवल्यासारखा. आईच्या आवाजापासून तो दूर होता, स्वयंपाकघरातला.

"आई, मी इथे आहे. सिंगापूरला."

"हो गं," अलकाताई म्हणाल्या. "माहीत आहे मला."

नळ सुरू झाला. बंद झाला.

केतकीला विचारायचं होतं ते सगळं बाजूला राहिलं, आणि तिच्या तोंडून लहान मुलीसारखं निघालं, "काय म्हणाले बाबा? मला सांग ना, आई."

फोन तोंडापासून लांब गेल्याचं केतकीला कळलं. मग आईचा आवाज आला, दबका, मागे वळून कुणाला तरी विचारल्यासारखा.

"सांगू का गं हिला?"

पंखा फिरत होता. चपला न घातलेली पावलं स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि फोनच्या जवळ येऊन थांबली.

मग आई पुन्हा फोनवर आली.

"नको म्हणते," ती म्हणाली.